वाचकांचे प्रश्न : तंतुकणिका, प्रतिकार यंत्रणा आणि म्हातारपणाचा दाह

गेल्या अंकात वार्धक्यात शरीरात धुमसत राहणाऱ्या मंद दाहाविषयी, म्हणजे इन्फ्लमेशनविषयी, थोडक्यात लिहिले होते. त्यावर आलेली बहुतेक पत्रे तंतुकणिकांविषयी, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांविषयी होती, म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले असून लांब पत्रांतला मुद्द्याचा भाग तेवढा घेतला आहे.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत असे. तंतुकणिका हे पेशीचे ऊर्जाघर, एवढेच आम्ही मुलांना सांगत आलो. आपल्या लेखात मात्र तंतुकणिकांमुळे प्रतिकार यंत्रणा चेतवली जाते, असे वाचले. ऊर्जा तयार करणाऱ्या भागाचा रोगप्रतिकाराशी संबंध कसा काय येतो?
— निवृत्त शिक्षिका, सातारा

उत्तर : आपण शिकवले त्यात काही चूक नाही. अन्नातून मिळालेली ऊर्जा एटीपीच्या रूपात पेशीला वापरता येईल अशी करून देणे हे तंतुकणिकांचे मोठे काम आहेच. प्रतिकार यंत्रणेशी असलेला त्यांचा संबंध समजून घ्यायचा तर त्यांच्या मूळ कुळाकडे जावे लागते. सुमारे दीडशे ते दोनशे कोटी वर्षांपूर्वी एक जिवाणू दुसऱ्या पेशीच्या आत राहू लागला आणि कायमचा तिथलाच झाला. त्याचे वंशज म्हणजे आजच्या तंतुकणिका. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ लिन मार्गुलिस यांनी १९६७ मध्ये हा विचार सविस्तर मांडला तेव्हा त्याची फारशी गंभीर दखल घेतली गेली नव्हती. पुढे जनुकीय पुराव्यांनी तो पक्का झाला.

त्या जिवाणूच्या खुणा तंतुकणिकेच्या अंगावर अजून आहेत. तिच्याजवळ स्वतःचा डीएनए आहे, आणि तो केंद्रकातल्या डीएनएसारखा लांब धाग्याचा नसून जिवाणूंसारखा वर्तुळाकार आहे. माणसातील या डीएनएचा पूर्ण क्रम १९८१ मध्ये केंब्रिजमध्ये वाचला गेला. त्यात डीएनएच्या अक्षरांच्या १६,५६९ जोड्या आणि ३७ जनुके असून त्यांपैकी केवळ १३ जनुकांपासून प्रथिने बनतात. ही १३ प्रथिने बनवण्याची सुरुवातही जिवाणूंच्याच पद्धतीने, फॉर्मिल हा रासायनिक गट जोडलेल्या मेथिओनिन या अमिनो आम्लापासून होते. आपल्या पेशीतल्या इतर प्रथिनांमध्ये असे होत नाही.

आता रक्तातल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींकडे पाहू. जंतू कुठे आहेत हे शोधण्यासाठी त्यांच्या पृष्ठभागावर जे ग्राहक, म्हणजे खुणा ओळखणारे रिसेप्टर, असतात, त्यांतला एक नेमका फॉर्मिल गट असलेले प्रथिनांचे तुकडे ओळखतो. हे तुकडे जिथून येत असतील तिकडे न्यूट्रोफिल धाव घेतात. तुकडा जिवाणूचा आहे की आपल्याच फुटलेल्या तंतुकणिकेचा, हे त्या ग्राहकाला कळत नाही. डीएनएच्या बाबतीतही हीच गत आहे. टीएलआर-९ नावाचा ग्राहक जिवाणूंच्या डीएनएतील एक विशिष्ट रचना हेरतो, आणि तंतुकणिकांच्या डीएनएत तशीच रचना सापडते. घरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसाला राखणदाराने केवळ चेहरेपट्टीवरून परका ठरवावे, तसे हे आहे. तंतुकणिका आपल्या दुहेरी पटलाच्या आत धडधाकट असते तोवर कुणाचे तिच्याकडे लक्ष जात नाही. पटल फाटले आणि आतला ऐवज बाहेर आला की गडबड सुरू होते.

याचा माणसांमधील ठळक पुरावा २०१० मध्ये बॉस्टनमधील कार्ल हाउजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिला. मोठ्या अपघातात हाडे मोडलेल्या, स्नायू चिरडलेल्या रुग्णांना कधीकधी जंतुसंसर्ग नसतानाही संसर्ग झाल्यासारखा तीव्र दाह होतो, हे शल्यचिकित्सकांना कित्येक वर्षे कोड्यात टाकत होते. अशा रुग्णांच्या रक्तद्रवात तंतुकणिकांचा डीएनए निरोगी माणसांच्या तुलनेत प्रचंड प्रमाणात आढळला, आणि तंतुकणिकांचे तुकडे न्यूट्रोफिलांना चेतवतात हेही त्या गटाने दाखवून दिले.

आतापर्यंतचे वर्णन पेशीच्या बाहेरचे झाले. म्हातारपणाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग पेशीच्या आत घडतो. डीएनएने केंद्रकात असावे किंवा तंतुकणिकेच्या आत असावे. मधल्या पेशीद्रवात तो दिसला तर विषाणू शिरला असावा, असा पेशीचा अंदाज असतो. हा डीएनए हेरणारे सीगॅस नावाचे विकर (एन्झाइम) अमेरिकेतील डॅलस येथील जेम्स चेन यांच्या प्रयोगशाळेने शोधून काढले आणि त्याचे वर्णन २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. या कामासाठी चेन यांना २०२४ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. डीएनए हाती लागताच सीगॅस एक छोटा निरोप्या रेणू तयार करते, तो रेणू स्टिंग नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटतो, आणि तिथून पुढे इंटरफेरॉन व इतर दाहकारक प्रथिनांचे उत्पादन सुरू होते. विषाणू आलेला असेल तर ही साखळी जीव वाचवते. पण तोच डीएनए आपल्याच तंतुकणिकेतून झिरपला असेल तर शत्रू नसतानाही पेशी युद्धाच्या तयारीत राहते, आणि ती स्थिती महिनोन्‌महिने टिकली तर ऊतींची झीज होते.

मात्र हे झिरपणे म्हणजे निव्वळ बिघाड, असेही मानू नये. २०१५ मध्ये येल विद्यापीठातील संशोधकांनी उंदरांच्या अशा पेशी तपासल्या, ज्यांत तंतुकणिकांचा डीएनए गुंडाळून ठेवणारे प्रथिन निम्मेच होते. त्यांतून डीएनए थोडाथोडा पेशीद्रवात येत होता, आणि त्या पेशी विषाणूंना अधिक चांगले तोंड देत होत्या. म्हणजे ही एक पूर्वसूचनेची व्यवस्थाही असू शकते. तारुण्यात उपयोगी पडणारी हीच व्यवस्था उतारवयात अंगाशी येते, असे माझे मत आहे, आणि या क्षेत्रातल्या बऱ्याच जणांचा कलही तिकडेच आहे.

प्रश्न : माझ्या वडिलांना पार्किन्सन्स आहे. त्यांचा आजार तंतुकणिकांमुळे झाला असे म्हणता येईल का? विस्मरणाच्या आजारांचेही कारण हेच आहे का?
— अभियंता, ठाणे

उत्तर : आपल्या वडिलांच्या बाबतीत असे म्हणता येणार नाही. रोगाची एक वाट सापडली म्हणून प्रत्येक रुग्ण त्याच वाटेने आला असे ठरत नाही. पार्किन्सन्स आणि तंतुकणिका यांचे नाते मात्र खरे आहे.

ते प्रथम एका दुर्दैवी घटनेतून उजेडात आले. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात चोरून बनवलेले, हेरॉइनसारखे एक द्रव्य टोचून घेतलेली काही तरुण मंडळी अचानक गोठल्यासारखी निश्चल झाली. त्यांची लक्षणे जुन्या पार्किन्सन्सच्या रुग्णांसारखी होती. न्यूरॉलॉजिस्ट विल्यम लँगस्टन यांनी छडा लावला तेव्हा त्या द्रव्यात एमपीटीपी नावाची भेसळ सापडली. मेंदूत गेल्यावर तिच्यापासून जे विष तयार होते, ते डोपामिन बनवणाऱ्या चेतापेशींत शिरून तंतुकणिकांतील ऊर्जानिर्मितीच्या साखळीची पहिली कडीच बंद पाडते.

त्यानंतर १९९८ मध्ये जपानी संशोधकांना तरुण वयात पार्किन्सन्स होणाऱ्या कुटुंबांत पार्किन हे जनुक सापडले आणि २००४ मध्ये पिंक-१ हे दुसरे जनुक पुढे आले. या दोघांचे काम २००८ नंतर अमेरिकेतील रिचर्ड यूल यांच्या प्रयोगशाळेमुळे स्पष्ट होत गेले. पिंक-१ हे बिघडलेल्या तंतुकणिकेवर खूण करते, पार्किन त्या खुणेकडे येते, आणि मग ती तंतुकणिका पेशीच्या आतच पचवून टाकली जाते. ही सफाई थांबली तर मोडक्या तंतुकणिका साचतात.

प्रतिकार यंत्रणेशी दुवा याच प्रयोगशाळेने २०१८ मध्ये जुळवला. पार्किन किंवा पिंक-१ नसलेल्या उंदरांना दमून जाईपर्यंत पळवले तर त्यांच्या रक्तात दाहकारक प्रथिने वाढतात. पार्किन नाही आणि तंतुकणिकांच्या डीएनएतही चुका साठत जातात, अशा उंदरांत उतारवयात डोपामिनच्या चेतापेशी मरतात. स्टिंगचे जनुक काढून टाकले तेव्हा दाह शमला, चेतापेशीही वाचल्या. प्रयोग देखणा आहे. परंतु पार्किन आणि पिंक-१ मधील दोष ही एकूण पार्किन्सन्सच्या रुग्णांत थोड्यांचीच कहाणी आहे. बहुसंख्य रुग्णांत, विशेषतः साठीनंतर आजार सुरू झालेल्यांत, हे दोष नसतात.

विस्मरणाविषयी : स्वित्झर्लंडमधील लोझान येथे आंद्रेआ अब्लासर यांच्या गटाने २०२३ मध्ये दाखवले, की म्हाताऱ्या उंदरांच्या मेंदूतील मायक्रोग्लिया या संरक्षक पेशींत तंतुकणिकांचा डीएनए पेशीद्रवात येतो आणि सीगॅस-स्टिंगची साखळी चालू होते. ती साखळी रोखणारे द्रव्य दिल्यावर मेंदूतला दाह कमी झाला आणि स्मरणाच्या चाचण्यांत उंदीर सुधारले. याचा उपयोग होईल अशी आशा मलाही आहे. पण म्हाताऱ्या उंदरावर गुणकारी ठरलेली आणि माणसावर निष्फळ गेलेली औषधे अल्झायमर्सच्या संशोधनात इतकी आहेत, की वडिलांसाठी आज यातून काही घेण्यासारखे औषध आहे असे मी आपल्याला सांगू शकत नाही. सध्याचे उपचार आणि नियमित व्यायाम चालू ठेवावा.

प्रश्न : माणसांत वयानुसार हा डीएनए रक्तात वाढतो, असे कुणी मोजले आहे का? आणि माझा हाय-सेन्सिटिव्हिटी सीआरपी ३.४ आला आहे, तो यामुळेच का?
— वाचक, पुणे

उत्तर : मोजले आहे. वाढत्या वयाबरोबर येणाऱ्या या मंद दाहाची कल्पना इटलीतील क्लाउदिओ फ्रान्चेस्की यांनी २००० साली मांडली. इटलीतच २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एक वर्षाच्या बाळापासून १०४ वर्षांच्या वृद्धापर्यंत सर्व वयांच्या लोकांचे रक्त तपासले गेले. पन्नाशीनंतर रक्तद्रवातील तंतुकणिकांचा डीएनए हळूहळू वाढत जातो, आणि ज्यांच्यात तो अधिक असतो त्यांच्यात काही दाहकारक प्रथिनेही अधिक असतात, असे दिसले. दोन गोष्टी एकत्र वाढताना दिसल्या, एवढेच यातून सिद्ध होते. पहिलीने दुसरी घडवली असे ठरत नाही.

आपल्या सीआरपीबद्दल : दाह असला की रक्तात वाढणारे हे प्रथिन यकृत तयार करते, पण दाह कुठून आला हे ते सांगत नाही. हृदयविकाराचा धोका ठरवताना १ पेक्षा कमी म्हणजे कमी धोका, १ ते ३ मध्यम आणि ३ पेक्षा जास्त म्हणजे अधिक धोका, असे धरतात. पण सर्दी-खोकला किंवा हिरड्यांची सूजही आकडा वर नेते, म्हणून तब्येत ठीक असताना काही आठवड्यांनी चाचणी पुन्हा करावी. पोटाचा घेरही मोजावा. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मोजमापे छापली होती. दोघांचा बॉडी मास इंडेक्स २२.३ असूनही युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. आपल्याकडे सडपातळ दिसणाऱ्या माणसाच्याही पोटात चरबी साठलेली असते, आणि ही चरबी दाहाचा मोठा स्रोत आहे. तंतुकणिकांना दोष देण्याआधी तिकडे पाहणे शहाणपणाचे.

प्रश्न : आमची भगव्या डाळिंबाची बाग आहे. डाळिंबामुळे मायटोकॉन्ड्रिया तरुण होतात, असा व्हिडिओ गावात सगळ्यांच्या मोबाइलवर फिरतो आहे. व्यापारीही तसेच सांगून माल खपवतात. यात तथ्य किती?
— डाळिंब उत्पादक, सोलापूर जिल्हा

उत्तर : तथ्य आहे, पण ते डाळिंबापासून बरेच पुढे गेल्यावर सापडते. डाळिंबात एलाजिटॅनिन गटातली द्रव्ये असतात. दाण्यांपेक्षा ती सालीत आणि आतल्या पांढऱ्या पापुद्र्यात अधिक असतात. कारखान्यात अख्खे फळ दाबून काढलेल्या रसात म्हणूनच ती जास्त उतरतात. आपल्या आतड्यातले जिवाणू त्यांच्यापासून युरोलिथिन-ए नावाचे द्रव्य बनवतात. हे काम करणारे जिवाणू प्रत्येकाच्या आतड्यात नसतात. परदेशातील एका अभ्यासात डाळिंबाचा रस प्यायल्यानंतर साधारण ४० टक्के लोकांच्याच शरीरात ते पुरेसे तयार झाले.

युरोलिथिन-ए मोडक्या तंतुकणिकांच्या सफाईला चालना देते, असे लोझानच्याच संशोधकांना २०१६ मध्ये आढळले. सूक्ष्म कृमींचे आयुष्य त्यामुळे सुमारे ४५ टक्क्यांनी वाढले आणि वयस्क उंदीर ४२ टक्के अधिक पळू शकले. आपल्या गावातल्या व्हिडिओतले आकडे बहुधा इथूनच उचललेले असावेत. माणसांचे काय? २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६५ ते ९० वयाच्या ६६ जणांना चार महिने हे द्रव्य किंवा त्याच्यासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी दिली. सहा मिनिटांत किती अंतर चालता येते, या मुख्य कसोटीत दोन्ही गटांत लक्षणीय फरक पडला नाही. हातापायाचे स्नायू थकेपर्यंत किती वेळा आकुंचन पावतात, या दुसऱ्या कसोटीत मात्र सुधारणा दिसली. आणि त्या गोळीत शुद्ध युरोलिथिन होते, डाळिंब नव्हते.

आपले फळ उत्तम आहे आणि ते खाण्याची शिफारस मी आनंदाने करीन. पण ‘तारुण्य देणारे फळ’ म्हणून ते विकले जाऊ नये. वाळवलेल्या सालीची भुकटी घरी करून खाण्याचा सल्ला त्या व्हिडिओत असेल तर तो कृपया पुढे पाठवू नका. बागेत किती फवारण्या होतात आणि त्यांतले काय सालीवर राहते, हे आपल्याइतके कुणाला ठाऊक असणार?

प्रश्न : औषधाच्या दुकानात तंतुकणिकांसाठी म्हणून को-एन्झाइम क्यू-१० आणि अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूल मिळतात. त्या घ्याव्यात का?
— वाचक, नाशिक

उत्तर : डॉक्टरांनी नेमक्या कारणासाठी लिहून दिल्या नसतील तर घेऊ नयेत. क्यू-१० ची पार्किन्सन्सवर ६०० रुग्णांत मोठ्या मात्रेने चाचणी झाली आणि फायदा दिसण्याची शक्यता उरली नाही म्हणून ती मध्येच थांबवण्यात आली. तिचा अहवाल २०१४ मध्ये आला. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजारांहून अधिक पुरुषांच्या चाचणीत बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी न होता १८ टक्क्यांनी वाढला. आणि २००९ मध्ये जर्मनीत तरुणांकडून चार आठवडे व्यायाम करून घेतला, तेव्हा सोबत क आणि ई जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रा घेणाऱ्यांना इन्शुलिनच्या दृष्टीने होणारा व्यायामाचा लाभच मिळाला नाही. तंतुकणिकांतून निघणारे थोडे ऑक्सिडंट हेही पेशीला सुधारायला सांगणारे संकेत असतात; ते सरसकट पुसून टाकणे हिताचे नाही.

प्रश्न : दाह हेच मूळ असेल तर सरळ दाह थांबवणारे औषध सगळ्या ज्येष्ठांना का देत नाहीत? आमच्याकडे एक वैदू कळलावीचा कंद त्यासाठीच देतो.
— वाचक, चिपळूण

उत्तर : आधी दुसरा मुद्दा, कारण तो जिवाशी आहे. कळलावीचा कंद कुणाच्याही सांगण्यावरून पोटात घेऊ नका. त्यात कोल्चिसिन असते आणि कंदाच्या लहानशा तुकड्यानेही मृत्यू ओढवू शकतो. हेच कोल्चिसिन अगदी मोजून, अर्धा मिलिग्रॅम इतके, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा जुना आजार असलेल्या ५,५२२ रुग्णांच्या चाचणीत वापरले गेले आणि २०२० मध्ये हृदयविकाराच्या घटना ३१ टक्क्यांनी कमी झाल्याचे जाहीर झाले. पण २०२४ मध्ये, नुकताच झटका येऊन गेलेल्या सात हजारांवर रुग्णांच्या चाचणीत त्याचा लाभ दिसला नाही. मोजलेल्या मात्रेबाबत तज्ज्ञांचे असे दुमत असताना कंदातल्या न मोजलेल्या मात्रेचा विचारही करू नये.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर २०१७ च्या कॅन्टॉस चाचणीत आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या आणि सीआरपी वाढलेल्या १०,०६१ रुग्णांना इंटरल्युकिन-१ बीटा हे एकच दाहकारक प्रथिन रोखणारे इंजेक्शन किंवा तसेच दिसणारे निष्क्रिय इंजेक्शन दिले गेले. मधल्या मात्रेने हृदयाच्या घटना १५ टक्क्यांनी कमी झाल्या. दाह हा या आजाराचा केवळ साक्षीदार नसून भागीदार आहे, हे त्यातून माणसांत सिद्ध झाले. मात्र औषध घेणाऱ्यांत संसर्गाने होणारे मृत्यू वाढले आणि एकूण मृत्यूंत फरक पडला नाही. सीगॅस-स्टिंगचेही हेच आहे. ती साखळी विषाणूंशी लढण्यासाठी आहे, आणि सत्तरीतल्या माणसाची ती वर्षानुवर्षे बंद ठेवायची तर त्याची किंमत काय, हे आधी तपासावे लागेल.

प्रश्न : वय ७१. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू आहे. या वयात व्यायामाने तंतुकणिका सुधारतात का? मेटफॉर्मिनमुळे व्यायाम वाया जातो असे मुलाने अमेरिकेतून कळवले आहे.
— वाचक, कोल्हापूर

उत्तर : सुधारतात. व्यायामाने स्नायूंतील तंतुकणिका वाढतात हे जॉन हॉलोझी यांनी १९६७ मध्ये उंदरांना पळवून दाखवले होते. मेयो क्लिनिकच्या २०१७ मधील अभ्यासात तीव्र आणि सौम्य असा आलटून-पालटून व्यायाम बारा आठवडे केल्यावर तंतुकणिकांची क्षमता तरुणांत ४९ टक्क्यांनी, तर ६५ ते ८० वयाच्या लोकांत ६९ टक्क्यांनी वाढली. तो व्यायाम देखरेखीखाली होता. आपण हृदयाची तपासणी करून घेऊन वेगाने चालण्यापासून सुरुवात करावी, आणि आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे यासारखा स्नायूंना ताण देणारा व्यायाम जोडावा.

मुलाने वाचलेला अभ्यास २०१९ चा असावा. मेटफॉर्मिनमुळे व्यायामाचा तंतुकणिकांवरील लाभ काहीसा बोथट होतो, असे त्यात दिसले खरे. पण त्यातील वयस्क मंडळींना मधुमेहाचा धोका असला तरी मधुमेह झालेला नव्हता. आपल्याला तो आहे. वाढलेली साखर रक्तवाहिन्या, मूत्रपिंडे आणि डोळे यांचे जे नुकसान करते ते या बोथटपणापेक्षा कितीतरी मोठे आहे, म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नये. व्यायाम वाढल्यावर साखर उतरू लागली तर मात्रा बदलायची की नाही, हे तीन महिन्यांच्या साखरेचा, म्हणजे एचबीएवनसीचा अहवाल समोर ठेवून आपले डॉक्टर ठरवतील.